उभं आहे की बसलंय?

पुण्यात मी एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये काम करायचे. तिथं माणसाला माझ्यापर्यंत पोचायला आधी मशीनशी झगडावं लागायचं. मराठीसाठी अमुक दाबा, कार्ड हरवलं असेल तर तमुक दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया थांबा. एवढं सगळं पार करून माणूस माझ्या हेडफोनमध्ये यायचा तेव्हा तो आधीच चिडलेला असायचा. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फोन असेच येतात, असं मी धरून चालले होते.

मग नवऱ्याची हिंगोलीला बदली झाली. माझं माहेर आखाडा बाळापूरच्या पलीकडचं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं की मी खूश असणार. पण घरात माझा पाय ठरत नव्हता. घासलेली भांडी परत घासायची, गच्चीवर जाऊन यायचं, मोबाइल वाजला नसताना उचलून बघायचा. आठ तास कानात कुणीतरी बोलत असायची सवय लागलेली, आता दुपारभर नुसता पंख्याचा आवाज. तेवढ्यात कळलं की एका खाजगी डेअरीला फोनवर बसायला बायका पाहिजेत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक अनुभवी बाई.

ही डेअरी गावोगावचं दूध गोळा करायची. दूध घालणाऱ्यांचं जनावर आजारी पडलं तर त्यांनी फोन करायचा आणि डेअरीचा डॉक्टर गाडी घेऊन गोठ्यावर जायचा, अशी सोय त्यांना सुरू करायची होती. गाड्या थोड्या, गावं पुष्कळ. म्हणून फोन घेणारी खोली नीट चालली पाहिजे, असं डेअरीच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. पुण्याचं नाव ऐकून त्यांनी मला लगेच ठेवून घेतलं. एसटी डेपोजवळ, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली, त्यात ओळीनं टेबलं, आणि भिंतीवर एक पडदा. किती फोन रांगेत थांबलेत आणि कुठल्या नंबरावरून आलेत, ते त्या पडद्यावर दिसायचं.

मी सगळं पुण्यासारखं केलं. आजारी जनावरासाठी एक दाबा, कृत्रिम रेतनासाठी दोन दाबा, दुधाच्या तक्रारीसाठी तीन. आवाज माझाच. डेपोतल्या गाड्यांच्या हॉर्नमुळं खोलीत रेकॉर्डिंग होईना, म्हणून डॉक्टरसाहेबांच्या गाडीत काचा वर करून, घामाघूम होत मी ते बोलले. "नमस्कार. आपले स्वागत आहे." स्वतःचा आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं.

नंबर गावागावातल्या दूध संकलन केंद्रांच्या भिंतींवर रंगवला आणि फोन सुरू झाले. पडद्यावर नंबर यायचा, थोडा वेळ दिसायचा, आणि कुणी काही दाबायचंच नाही. सिस्टीम मग कंटाळून तो फोन कुठल्याही टेबलावर टाकायची. फोन उचलला की पलीकडचा माणूस तापलेला.

पहिल्याच आठवड्यात मी घेतलेला एक फोन आठवतो. मी म्हणाले, "नमस्कार काका, काय तकलीफ आहे?"

"काय तकलीफ म्हंजे?" तिकडून आवाज आला. "आत्ताच तर समदं सांगितलं की बाई तुमाला! गाय चारा खाईना, दूध आटलं, समदं सांगून झालं. तुमी आयकून राहिल्या होत्या की झोपल्या होत्या?"

मला काही कळेना. मग उलगडलं. रेकॉर्डिंगमधली बाई 'नमस्कार' म्हणाली, म्हणून त्यांनी तिला नमस्कार केला आणि गाईची सगळी हकीकत सांगून टाकली. ती मध्येच 'दोन दाबा' म्हणत होती, ते तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलत राहिले. आणि नंतर मी त्याच आवाजात विचारलं, काय तकलीफ आहे.

असं रोज व्हायला लागलं. खोलीतल्या बायका हसायच्या. मला हसू यायचं नाही. मी टेबलांच्या मागं येरझाऱ्या घालायचे आणि भिंतीकडं बघत राहायचे.

खोलीत एक पोरगी होती, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. डी.एड. झालेली, नोकरी न मिळालेली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. सतत काहीतरी चघळत असायची, कधी फुटाणे, कधी चिंच. तिनं एक दिवस मला पडद्याजवळ बोलावलं.

"ताई, हा नंबर बघा. सकाळपासून येऊन राहिला. लागला की कट, लागला की कट."

दुसरी एक बाई म्हणाली, "पोरं खेळत असतील मोबाइलशी. ब्लॉक करून टाका."

मला तेही पटलं असतं. पण ती पोरगी म्हणाली, "मी लावून बघते," आणि तिनं उलटा फोन लावला. पलीकडं एक म्हातारी. मराठीत दोन वाक्यं झाली असतील नसतील, पोरगी एकदम तांड्याच्या बोलीत शिरली, "याडी, याडी" करत, म्हणजे आई, आई. म्हातारीचा आवाज हेडफोनाबाहेर ऐकू यायला लागला. पोरगी मान हलवत ऐकत होती आणि माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती.

फोन ठेवून ती म्हणाली, "म्हातारीची शेळी दोन दिवसांपासून अडलीय, वितच नाही. ती फोन लावते, तुमचा आवाज येतो, आणि ती कट करते."

"का?"

"तिला वाटलं, बॅलन्स संपला. फोनात बाई बोलली म्हणजे बॅलन्स संपला, नाहीतर रेंज नाही. बाई दुसरं कधी काय सांगते, ताई? तिनं नातवाकडून रिचार्ज पण मारून घेतला. परत लावला तर परत तुम्हीच."

पुण्यात मी गोड आवाजाची म्हणून नावाजलेली होते. इथं त्याच आवाजानं माणसं फोन ठेवत होती, आणि असे किती गेले असतील ते मला कधीच कळणार नव्हतं. गाडी त्या तांड्यावर गेली. शेळी वाचली, पोटातली पिल्लं गेली.

त्याच दिवशी मी डॉक्टरसाहेबांकडं गेले. म्हटलं, रेकॉर्डिंग काढून टाकू.

"मॅडम, मग फोन वाटायचा कसा?" ते म्हणाले. "कोण आजारी, कोण रेतनाचं, कोण दुधाचं, हे आधी कळायला नको?"

"माणूस विचारेल. सगळ्यात आधी माणूसच उचलेल."

"म्हणजे एकाच फोनाला दोन बायका?"

"एक फक्त विचारेल आणि पुढं देईल. लांबण लावणार नाही."

त्यांनी पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला. ते वाईट नव्हते. त्यांना गाड्यांची काळजी, डिझेलची काळजी, वरून मालकाचे फोन. शेवटी म्हणाले, "एक महिना. नाही जमलं तर परत एक दाबा, दोन दाबा."

पहिलं टेबल मी त्या पोरीला दिलं. तिला मराठी यायची, हिंदी यायची, तांड्याची बोली यायची, आणि मुख्य म्हणजे ती कुणाच्या रागानं बावरायची नाही. फोन आला की सरळ घंटी वाजायची आणि तीच उचलायची. तिनं तीनच गोष्टी विचारायच्या असं आम्ही दोघींनी बसून ठरवलं. गाव कोणतं? जनावर कोणतं? उभं आहे की बसलंय?

तिसरा प्रश्न माझा. बसलेलं, उठतच नाही असं जनावर म्हणजे वेळ थोडा. तो फोन डॉक्टरशी बोलायच्या रांगेत पुढं. उभं असेल तर मागं, आपल्या पाळीनं. तांड्यावरचा फोन असेल आणि माणूस अडखळत असेल तर तो तिनं स्वतःच घ्यायचा आणि तेवढ्या वेळ मी तिच्या टेबलावर बसायचं. आणखी एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली. रेंज जाऊन फोन कटला आणि त्या माणसानं परत लावला, तर त्याला रांगेच्या शेवटी टाकायचं नाही, त्याची आधीची जागा त्यालाच द्यायची. सिस्टीमवाला हो-नाही करत होता. मी त्याला म्हटलं, तुमच्या गावी पाण्याच्या नळावर कुणी हंडा ठेवून घरी जाऊन आलं तर त्याचा नंबर जातो का? त्यानं करून दिलं.

महिना झाला, दोन झाले, डॉक्टरसाहेब काही बोलले नाहीत. कटणारे फोन कमी झाले. भिंतीकडं बघत राहायची माझी सवय मात्र तशीच राहिली. रांग नसली तरी मला वाटायचं, कुणीतरी कुठंतरी नंबर फिरवून राहिलंय आणि तो लागत नाहीये.

पोळ्याच्या आधीचा आठवडा आला. त्या दिवसांत फोन नेहमीच वाढतात. बैलांकडं सगळ्यांचं लक्ष असतं, बारीकसं खरचटलं तरी फोन. त्यात त्या वर्षी लम्पीची धास्ती. अंगावर माशी चावल्याची गाठ दिसली तरी माणूस घाबरून जायचा. सकाळी खोलीत पाय ठेवला तेव्हाच भिंतीवरचा पडदा भरलेला होता. दोन गाड्या कळमनुरीकडं गेलेल्या, एक बंद पडलेली. पोरगी न थांबता बोलत होती. "गाव? जनावर? उभं आहे की बसलंय?" तिचा आवाज बसत चालला होता.

दुपारकडं कलताना मी पडद्याकडं बघितलं. माझ्या माहेरचा नंबर होता.

कामावर असताना आमचे मोबाइल कपाटात ठेवलेले असायचे, हे आबांना माहीत होतं. माझे वडील गरजेशिवाय फोन करणारे नाहीत. भिंतीवर रंगवलेला नंबर बघून त्यांनी सगळ्यांसारखाच फोन लावला होता. पोरीनं तो उचलला. तो कुणाचा ते तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी चार पावलांवर उभी होते.

"गाव कोणतं काका? बरं. जनावर कोणतं? बैल. उभा आहे की बसलाय?" मग, "बरं, थांबा हां, फोन ठेवू नका, तुमची पाळी आली की डॉक्टर बोलतील."

तिनं फोन मागं टाकला. उभं जनावर, म्हणजे रांगेत. पडद्यावर आबांचा नंबर खालच्या बाजूला जाऊन बसला.

माझ्या हातात होतं. त्या नंबरावर बोट ठेवायचं आणि वर ओढायचा, झालं. कुणाला कळलंही नसतं. पण त्यांच्या वर जे नंबर होते तेही कुणाकुणाचे आबाच होते. त्यातल्या एका घरी म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं, तो फोन मी स्वतःच वर घेतला होता. मी हात मागं घेतला, परत पुढं नेला. टेबलांच्या मागून खिडकीपर्यंत गेले. खाली डेपोतून एक गाडी बाहेर पडत होती, ती अडकली होती आणि ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी परत आले. आबांचा नंबर जागेवरून हललेला नव्हता.

मला राहून राहून एकच वाटत होतं. माझा बाप उभ्या बैलासाठी कधी डॉक्टर बोलावणार नाही.

मी पोरीजवळ गेले. "मघाचा बाळापूरकडचा बैल. काय म्हणाले ते?"

"उभा आहे म्हणाले."

"अजून काही?"

तिनं आठवून बघितलं. "उभा आहे पण बसू देऊन राहिलो न्हाई, असं काहीतरी म्हणाले. मला वाटलं, औत धरलंय."

बसू देऊन राहिलो न्हाई. मी धावत डॉक्टरसाहेबांच्या टेबलाकडं गेले. ते त्याच वेळी म्हशीच्या फोनवर होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी हातानं थांब म्हटलं. मी थांबले. तो फोन संपेपर्यंत मी माझ्या ओढणीचं टोक पिळत होते. नंतर तेच मला चुरगळलेलं दिसलं.

"साहेब, एक बैल आहे. मालक त्याला खाली बसू देत नाही."

त्यांनी मान वर केली. "पोट फुगलंय?"

"विचारलं नाही. आपण ते विचारतच नाही."

"जोडा."

मी फोन जोडला आणि बाजूला उभी राहून ऐकत राहिले. आबांचा आवाज मला ओळखू येईना इतका दम लागलेला होता. सकाळी दावं सोडवून बैल लसूणघासात शिरला होता, दव असलेला ओला घास पोटभर खाऊन आला. दुपारी डावी कूस ढोलासारखी झाली. माझा भाऊ आणि आबा दोघं मिळून त्याला उभा धरून होते.

"पडू देऊ नका," डॉक्टरसाहेब म्हणाले. "पुढचे पाय उंचावर घ्या, उकिरड्यावर चढवा चालेल. तोंडात आडवी काठी बांधा, चघळू द्या. घरात गोडेतेल आहे? पाजा, पण हळू, ठसका लागू देऊ नका. गाडी पाठवतो."

कळमनुरीहून परतणारी एक गाडी तिकडं वळवली. मी पडद्यासमोर उभी राहिले. पडद्यावर आता आबांचा नंबर नव्हता, त्यामुळं बघण्यासारखं काही नव्हतं. पुढचे फोन येत होते. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग तिनं बहुतेक ओळखलं. पुढचा फोन उचलून तिनं विचारलं, "गाव कोणतं? जनावर कोणतं? उभं आहे की बसलंय? आणि कूस फुगलीय का?"

पुढच्या फोनालाही तिनं तेच विचारलं. मागच्या तासाभरात 'उभं' म्हणून रांगेत टाकलेल्या सगळ्यांना आम्ही उलटे फोन लावले. मी, ती, आणि आणखी दोघीजणी. एका गाईची कूस फुगलेली निघाली. बाकीची बरी होती. एका माणसानं मला झापलं, "डागदर पाठवा, कूस काय इचारता!" मला त्याचं बोलणं गोड लागलं.

गाडीतल्या डॉक्टरचा फोन संध्याकाळी आला. कुशीत सुई घालून हवा काढली, बैल उभा आहे, आता रवंथ करतोय. मी खुर्चीवर बसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

कपाटातून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. आबांनीच उचलला.

"कसा आहे आता?"

"बरा हाय. तुला कोनं सांगितलं?"

"आबा, मी तिथंच होते. तुमचा नंबर समोर दिसत होता."

मागं आईचा आवाज येत होता, कुणाला तरी काही सांगत होती. मग आबा म्हणाले, "मंग बोलली काहून न्हाई?"

"रांग होती."

"माझ्या फुडं कोन व्हतं?"

मी सांगितलं. एका गावची म्हैस होती, रेडकू आडवं आलेलं.

"निघालं का बराबर?"

"निघालं. जिवंत आहे."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि फोन आईकडं दिला.

आई रडवेली होती, पण रागावलेली जास्त. "आपल्या घरचा फोन आला तर आधी उचलावं, येवढं बी कळंना का तुला? तुझ्या बापाचे हात भरून आले बैल धरून धरून. लोकायच्या लेकी नोकरीला लागतात त्या घरच्यायच्या कामाला येतात. तू काय करून राहिली तिथं?"

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. बसलेलं जनावर आधी, मग पाळीनं, असं असतं. माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं, कारण माझा प्रश्नच अपुरा होता. आई म्हणाली, "पोळ्याला येशील का?" मी हो म्हटलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी गेले. आबांनी त्या बैलाला शिवारातून मिरवायला नेलं नाही, अशक्त होता. अंगणातच आंघोळ घातली, शिंगं रंगवली, आईनं ओवाळून पुरणपोळी भरवली. कुशीवर जिथं सुई घातली होती तिथं केस काढलेला एक छोटा चट्टा होता. मी त्यावर हात ठेवला तर बैलानं कातडी थरथरवली. आई माझ्याशी मोजकंच बोलत होती, पण ताटात पुरणपोळी तिनंच वाढली, आणि वर तुपाची धार धरली ती मी 'बास' म्हणेपर्यंत सोडली नाही.

जेवणं झाल्यावर शेजारच्या गल्लीतला एक माणूस आला. त्याच्या म्हशीची वगार लंगडत होती. आबांनी त्याला भिंतीवरचा नंबर सांगितला, आणि मग माझ्याकडं बघत म्हणाले, "लाव फोन. ती पोरगी उचलंल, इचारंल तेवढंच सांग. आधीच रामायण नको लावू."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. "ताई घरीच हाय की. ताईलाच सांगतो."

"न्हाई," आबा म्हणाले. "फोन लाव."

त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला. अंगणात उभी राहून मी पलीकडची घंटी ऐकत होते, एक, दोन, आणि मग त्या पोरीचा आवाज, थोडा बसलेला, सणाच्या दिवशीही कामावर आलेली. "गाव कोणतं काका?"